वर्षाला तीन बोटे

मी एक जुना पाटा आहे. वाटण वाटायचा, काळा, दगडी. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी पाटा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला असेल, आणि चित्रात तो नेहमी कोपऱ्यात गप्प पडलेला असतो. तेवढ्यावरून तुम्ही ठरवून मोकळे होता की दगड म्हणजे न हलणारी वस्तू. 'दगडासारखा काय बसलायस?' 'डोक्यात दगड भरलेत का?' ही वाक्ये ऐकून ऐकून माझे टवके उडायचेच काय ते बाकी राहिले आहे. म्हणून आज मी माझी हकीकत सांगणार आहे. कृपा करून मध्ये कोणी बोलू नका.

माझा जन्म साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला रस वर आला. तो पसरला, थिजला, त्यावर पुन्हा नवा रस आला. असे थरावर थर बसले आणि त्यातूनच पुढे आपला सह्याद्री कोरला गेला. त्यातल्या एका थरात मी होतो. लोक मला म्हणतात, 'हा इथलाच दगड.' इथलाच! मी जन्मलो तेव्हा ही सगळी जमीन विषुववृत्ताच्या पलीकडे, दक्षिणेला होती. आज जिथे रियुनियन नावाचे बेट आहे, त्याच्या आसपास. तिथून इथवर मी हजारो किलोमीटर आलो, आणि तेही अख्ख्या भारतासकट.

आता तुम्ही विचाराल, जमीन कशी चालेल? चालते. पृथ्वीचे कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. खाली प्रावरण असते, तापलेले, हाताला घट्ट लागेल असे, पण लाखो वर्षांच्या हिशेबाने वाहणारे. त्यावरून हे तुकडे सरकत राहतात. समुद्राच्या तळाशी काही ठिकाणी भेगा आहेत. तिथून नवा रस वर येतो, थिजतो, आणि नवा सागरतळ तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकू लागतो. दुसऱ्या टोकाला जुना, गार, जड झालेला तळ खाली बुडत जातो. पलंगावरून गोधडीचे एक टोक खाली लोंबू लागले की ते बाकीची गोधडीही ओढून नेते ना, तसेच ते आम्हाला ओढत होते.

सुरुवातीला आम्ही घाईत होतो. वर्षाला जवळजवळ वीतभर पुढे जायचो. त्या गडबडीत सेशेल्सची बेटे आमच्यापासून तुटून मागे राहिली. आधी ती आमच्या अगदी शेजारी होती. आज मध्ये अख्खा समुद्र आहे, आणि त्या ताटातुटीबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. मग आम्ही आशियाला धडकलो. मधल्या समुद्राचा तळ चुरगळून वर उचलला गेला आणि त्याचा हिमालय झाला. त्याच्या उंच खडकांत अजूनही समुद्री जीवांचे अवशेष सापडतात. त्या धडकेने आमचा वेग कमी झाला, पण आम्ही थांबलो नाही. आजही मी दरवर्षी साधारण तीन बोटे ईशान्येकडे सरकतो. तुमची तीन बोटे शेजारी शेजारी धरून पाहा. तेवढा.

एवढे सांगून झाल्यावर माझ्या पाटा होण्याची गोष्ट अगदीच कालची वाटते. खडवलीला भातसा नदीच्या काठी भिवाजी नावाचा पाथरवट राहत असे. तो दगडावर टिचकी मारून कान लावायचा. ज्या दगडात वायूच्या बुडबुड्यांची भोके राहिली असतील तो बाजूला टाकायचा, कारण भोकात खोबरे अडकते. मी गच्च निघालो. त्याने मला घडवले, वरवंटा दिला, आणि मी बैलगाडीतून कल्याणच्या बाजारात आलो. तिथून एका चाळीत, सगुणाच्या लग्नासाठी.

त्या लग्नातच माझ्या डोक्याला पहिला ताप झाला. लग्नात एक विधी असतो. नवरीने उजवा पाय दगडावर ठेवायचा आणि गुरुजींनी म्हणायचे, "या दगडासारखी स्थिर हो." सगुणाचा हळदीने माखलेला पाय माझ्यावर आला आणि गुरुजी तसे म्हणाले. मला वाटले, माझ्याबद्दल नसेल. मग लक्षात आले की तिथे दुसरा दगडच नव्हता. मी? स्थिर?

बरे, एकदा झाले असते तर सोडून दिले असते. पण सगुणाच्या घरात रीतच पडली. घरात येणारी सून आणि घरातून जाणारी मुलगी, दोघींनी माझ्यावरच उभे राहायचे. चाळीतले शेजारीही मला उसने नेऊ लागले. "सगुणावहिनी, पाटा देता का? परवा आमच्या ताईचं लग्न आहे." किती नवऱ्या मुलींना माझ्या साक्षीने हे चुकीचे उदाहरण दिले गेले, त्याची गणतीच नाही.

तरीही ते दिवस चांगले होते, हे मी नाकारणार नाही. पहाटे सगुणा माझ्यासमोर पाय पसरून बसे. ओले खोबरे, लाल मिरची, माशाचे कालवण असेल तर तिरफळ. तिच्या बांगड्यांचा आवाज आणि वरवंट्याचा आवाज एका तालात चाले. माझी धार गेली की टाकी लावणारी बाई यायची. गल्लीच्या तोंडापासूनच तिची हाक ऐकू येई, "टाकीऽऽय!" ती छिन्नीने माझ्या अंगावर बारीक टोचे मारी आणि मी पुन्हा नव्यासारखा होई. कालवणाचा पहिला घोट घेऊन सगुणाचा नवरा म्हणे, "वाटण कसं, लोण्यासारखं." तो सगुणाचे कौतुक करी, पण थोडे मीही माझ्याकडे घेत असे.

मग घर डोंबिवलीला गेले आणि तिथे मिक्सर आला. त्याची घरघर ऐकली की मला पृथ्वीच्या पोटातले दिवस आठवत. सगुणाचा मुलगा संदेश मोठा झाला, त्याची बायको माया माझ्यावर उभी राहून घरात आली. तिलाही तेच सांगितले गेले, आणि मग मला सज्जात इन्व्हर्टरखाली ठेवले गेले. शेवटी सगळे बाळकुमला एका उंच इमारतीत राहायला गेले. सतराव्या मजल्यावर माझ्यासाठी जागा नव्हती.

आणि मित्रांनो, मला कुठे ठेवले, ठाऊक आहे? पार्किंगमध्ये! संदेशच्या जुन्या गाडीचा हँडब्रेक ढिला होता आणि त्यांची जागा उतारावर होती. गाडी सरकू नये म्हणून त्याने मला पुढच्या चाकाखाली सारले. "हा बरा आहे. हा काही हलत नाही," असे वर तो वॉचमनला म्हणाला. जो अख्ख्या खंडासकट चालत आला, त्याला गाडी अडवायला लावले. त्या टायरला रबराचा वास येत होता. मी तोच घेत पडलो.

तिथेच मला संचिताची गोष्ट कळली. संचिता म्हणजे संदेश-मायाची मुलगी. ती भूशास्त्र शिकली. तिचे लग्न कल्याणच्या जयेशशी ठरले होते. जयेश भला मुलगा, पण त्याच्या घरात शेवटचा शब्द त्याच्या आजीचा, गोदूबाईंचा. बोलणी झाली तेव्हाच गोदूबाईंनी सांगून ठेवले होते की लग्नानंतर पहिला महिना सून घरात पाहिजे. सगळे हो म्हणाले. आणि मग संचिताची एका संशोधन जहाजावर निवड झाली. हिंदी महासागराच्या मधोमध, जिथे नवा सागरतळ जन्माला येतो, तिथे दीड महिना. जहाज लग्नानंतर तीन आठवड्यांनी निघणार होते, आणि होकार कळवायचा होता लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी.

मायलेकी एकदा खरेदीच्या पिशव्या गाडीतून काढत माझ्या शेजारी उभ्या होत्या.

"लग्न उरकेपर्यंत जहाजाचं नाव काढायचं नाही," माया म्हणाली.

"आई, सोमवारी नाही कळवलं तर माझी जागा दुसऱ्या कोणाला जाईल. परत कधी मिळेल सांगता येत नाही."

"जाऊ दे. समुद्र काय पळून चाललाय का?"

पळूनच चालला आहे, माया! वर्षाला तीन बोटे! पण टायरखालून कोण ऐकणार?

"जयेशला माहितीये," संचिता म्हणाली. "तो म्हणतो, मी सांगतो आजीला."

"मग सांगितलं?"

"रोज म्हणतो, उद्या सांगतो."

माया हसली नाही. पिशव्या उचलून लिफ्टकडे गेली. संचिता तिथेच थांबली. तिची चप्पल माझ्या कडेला टेकली होती. "जहाजाला निघायला नेमकं आत्ताच हवं होतं का," असे काहीतरी ती स्वतःशीच पुटपुटली आणि तीही वर गेली.

शनिवारी हळद होती. पार्किंगच्या मोकळ्या भागात हिरवा गालिचा अंथरला, खुर्च्या मांडल्या, एका टेबलावर लाडवांचे खोके रचले. कल्याणहून उष्टी हळद घेऊन स्वतः गोदूबाई आल्या. त्यांना भिंतीकडच्या टोकाला, पंख्याखाली, मानाच्या खुर्चीत बसवले. सगुणा आता थकली आहे, चाकाच्या खुर्चीत असते, पण आवाज तोच. तिने मिक्सरमध्ये दळलेली हळद पाहिली आणि तोंड फिरवले.

"हळद पाट्यावर वाटल्याशिवाय लागायची नाही. माझा पाटा कुठाय?"

मायाचा भाऊ पोपटमामा उत्साही माणूस. "आहे आहे, आक्का! मी आणतो!" म्हणत तो आला, त्याने मला दोन्ही हातांनी धरले आणि गाडीखालून खेचून काढले. त्याने हँडब्रेक पाहिला का? नाही. दुसरा एखादा दगड लावला का? नाही. मला छातीशी धरून तो निघाला आणि त्याच्या मागे गाडीही निघाली.

"अरे पोपट, गाडी!"

"कुठली गाडी?"

गाडी हळूहळू उतारावरून आली, अगदी सावकाश, जणू तिलाही हळद लावून घ्यायची होती. लाडवांच्या टेबलाला तिने बंपर लावला. टेबलाचे पाय गालिच्यात रुतले होते. त्यामुळे टेबल सरकले तसा गालिचाही सरकला, समोरच्या भिंतीपाशी अडला, आणि त्याच्या घड्या पडून तो वर वर येऊ लागला. नेमक्या त्या घडीवर गोदूबाईंची खुर्ची होती.

"अगो बाई, मी वर चालले!"

संदेशने धावत जाऊन गाडीत उडी मारली आणि ती थांबवली. कोणाला काही लागले नाही. लाडू मात्र सगळीकडे गडगडले. पोरे ते वेचायला धावली. आणि त्या गोंधळात संचिता हसायला लागली. पोट धरून.

"आजी, तुम्ही हिमालयावर बसलाय!"

"काय म्हणालीस?"

संचिता गालिच्याच्या घडीजवळ खाली बसली. "हे बघा. ही गाडी म्हणजे आपला भारत. ही भिंत म्हणजे आशिया. भारत दक्षिणेकडून सरकत आला, आशियाला धडकला, मधला समुद्राचा तळ असा चुरगळला आणि वर आला. तोच हिमालय."

"जमीन सरकते?" गोदूबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "आत्ता पण?"

"आत्ता पण. वर्षाला तीन बोटं."

"म्हणजे मला चक्कर येते ती उगीच नाही! डॉक्टर मेला गोळ्या देतो." मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "आणि हा पाटा?"

"तो तर आजी, तिकडून आलाय. विषुववृत्ताच्या पलीकडून. समुद्राच्या मध्यावर एक भेग आहे, तिथे अजूनही नवी जमीन तयार होते. मी तेच बघायला जाणार..."

ती थांबली. फार उशीर झाला होता. मायाच्या हातातली हळदीची वाटी खाली पडली. जयेश उष्टी हळद आणणाऱ्यांबरोबर आला होता. तो आपल्या बुटांकडे पाहू लागला.

"कधी?" गोदूबाईंनी विचारले.

"लग्नानंतर तीन आठवड्यांनी. दीड महिना."

गोदूबाई घडीवरून खाली उतरल्या. पदर सारखा केला. "उद्या वेळेवर या," एवढेच म्हणाल्या आणि न जेवता निघून गेल्या. त्यांच्या मागून जाताना जयेश संचिताला म्हणाला, "मी उद्या सांगणारच होतो." त्या दिवशी माझ्यावर हळद वाटली, पण वाटणाऱ्या हातांना जोर नव्हता. माया एकदाही लेकीशी बोलली नाही.

रविवारी कल्याणच्या कार्यालयात मला पोपटमामाच्याच मांडीवरून नेले. ती गाडी आता कोणी चालवायला तयार नव्हते, म्हणून रिक्षाने. मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या. होम झाला. मग मला मधोमध ठेवले आणि गुरुजी म्हणाले, "हं, मुली, उजवा पाय पाट्यावर."

संचिताचा पाय माझ्यावर आला. गार होता. इतक्या नवऱ्या माझ्यावर उभ्या राहिल्या, पण त्यातल्या एकीलाही माझ्याबद्दल खरे काय ते माहीत नव्हते. हिला माहीत होते. आणि आता हिलाही तेच ऐकावे लागणार होते.

"या दगडासारखी स्थिर..."

"थांबा हो गुरुजी," पहिल्या रांगेतून आवाज आला. गोदूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"काय झालं, आजी?"

"तो दगड स्थिर नाही."

गुरुजींनी वाकून मला दोन्ही बाजूंनी दाबून पाहिले. "हलत नाहीये, आजी. खाली कागदाची घडी घालू का?"

"तसं नाही हो. सरकतो तो. वर्षाला तीन बोटं. त्या कुठल्याशा वृत्ताच्या पलीकडून सरकत आलाय, समुद्र ओलांडून. मग पोरीला खोटं कशाला सांगायचं?"

हसण्याची एक लाट मांडवभर गेली. गुरुजींनी कपाळावरचा घाम पुसला. "आजी, पंगत खोळंबलीय. काय म्हणू मग?"

"म्हणा, दगडासारखी हो. एवढंच." आणि मग त्या संचिताकडे वळल्या. आवाज तोच, कडक, पण हळू झाला होता. "मला पण असंच दगडावर उभं करून स्थिर राहायला सांगितलं होतं. मी ऐकलं. कसाऱ्याच्या घाटापुढे गेले नाही गं मी कधी. तू सरकायचं तर सरक. फक्त फुटू नकोस."

गुरुजी म्हणाले, "दगडासारखी हो." माझ्या आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य बरोबर म्हटले गेले. चाकाच्या खुर्चीतून सगुणाने डोळ्यांना पदर लावला, आणि माया, जी आदल्या दिवसापासून बोलत नव्हती, ती हुंदका देऊन म्हणाली, "स्वेटर घे हो जहाजावर."

सोमवारी संचिताने होकार कळवला.

गोदूबाईंनी मात्र एक अट घातली. "पोरगी समुद्रावर, तोवर पाटा माझ्याकडे. ओलीस." सगुणाने हो म्हटले. अशा रीतीने मी पुन्हा कल्याणला आलो. आल्या आल्या मला टाकी लावायला बाई शोधली. दोन दिवस कोणी सापडेना. शेवटी बाजारात एक म्हातारी भेटली. तिने टोचे मारले, आणि किती वर्षांनी माझ्या अंगावर लसूण-खोबऱ्याची चटणी उतरली. जयेशने बोट लावून चाखली आणि आणखी एक भाकरी घेतली.

पण सुख मला लाभत नाही. संचिता गेली त्याच दिवशी गोदूबाईंनी ओट्यावर माझ्या कडेने कुंकवाची रेघ ओढली. रोज सकाळी चहाच्या आधी त्या चष्मा लावून वाकून पाहायच्या.

"जयेश, अरे, हा हलला नाही रे. जागच्या जागी आहे. तुझी बायको लबाड आहे."

अहो गोदूबाई! साडेसहा कोटी वर्षे मी चालतो आहे आणि तुम्ही मला चहाच्या आधी मोजता?

"आजी, ओटा पण सरकतोय ना त्याच्याबरोबर," जयेश म्हणाला. "आपलं घर, कल्याण, तू, मी. सगळे एकदम."

गोदूबाईंनी चहा बशीत ओतला. "आणि ती आहे तिथे?"

"तिथे नवी जमीन निघते. तिची एक बाजू आपल्या मागोमाग इकडे येते."

"गाठते का आपल्याला?"

"नाही. आपणही पुढे जातो ना, त्याच वेगाने. ती मागोमागच राहते."

त्यांनी कपबशी खाली ठेवली. खिडकीतून रिक्षांचे हॉर्न येत होते. मग त्या म्हणाल्या, "तिला सांग, त्या जमिनीच्या भरवशावर राहू नकोस म्हणावं. काम झालं की विमानाने ये." आणि ओल्या फडक्याने त्यांनी ती रेघ पुसून टाकली.

तर मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. घरात पाटा असेल तर त्याला चाकाखाली, इन्व्हर्टरखाली, कुंडीखाली लावू नका. वर्षातून एकदा त्याला टाकी लावा, सणाला तरी त्याच्यावर चटणी वाटा. आणि कोणाला 'दगड' म्हणण्याआधी, कोणा मुलीला 'स्थिर हो' म्हणण्याआधी, आपल्या पायाखाली काय चालले आहे याचा जरा विचार करा.

पुढच्या आठवड्यात संचिता येणार आहे. गोदूबाईंनी मला घासून ठेवले आहे आणि शेजारी खोबरे काढून ठेवले आहे. मी तिची वाट पाहतो आहे. जागच्या जागी बसून नाही, हे एव्हाना तरी तुमच्या लक्षात आले असेल.